अरबी ओळीखालच्या खुणा

छापखान्यातले लोक त्यांना वेलांटीबाई म्हणत. बावीस वर्षं त्या मजकूर जुळवत होत्या आणि त्यांच्या हातून चुकीची वेलांटी सुटलेली कुणाला आठवत नव्हती. म्हणूनच इंग्रजी आणि अरबी कवितेच्या वृत्तांची तुलना करणारं प्राध्यापकांचं पुस्तक आलं, तेव्हा मालकांनी ते डोळे झाकून त्यांच्या टेबलावर ठेवलं.

इंग्रजी भाग सरळ होता. बोलताना जोर कुठे पडतो ते बघायचं आणि तिथे तिरकी रेघ द्यायची. अरबीत जोराला कुणी विचारत नाही. अक्षर आखूड की लांब, एवढंच मोजायचं. म्हणजे आपलं लघु-गुरूच की, असं म्हणत बाई कामाला लागल्या. घरी भाजी चिरतानाही 'फ-ऊ-लुन, फ-ऊ-लुन' चालायचं. लघु, गुरू, गुरू.

"आई, आधी वाढ, मग मंत्र म्हण," लेक वैतागायची.

घोळ झाला तिसऱ्या प्रकरणात. अरबी ओळ उजवीकडून सुरू होणारी, पण हस्तलिखितात तिच्याखालच्या लघु-गुरूच्या खुणा डावीकडून मांडलेल्या. बाईंनी त्या फिरवून नीट लावल्या. प्राध्यापकांनी प्रुफावर लाल शाईने पुन्हा उलट्या केल्या. बाईंनी समासात पेन्सिलीने शंका लिहिली. तिला उत्तर आलं नाही. शेवटी प्राध्यापक स्वतः आले तेव्हा बाईंनी विचारलंच.

"सर, ओळ उजवीकडून वाचायची, तर खुणाही तिकडूनच नकोत का? आत्ता 'फ'खाली गुरू आलाय आणि 'लुन'खाली लघु."

प्राध्यापकांनी बाईंकडे न बघता मालकांना विचारलं, "ह्या जुळणी करतात की शिकवणी घेतात?"

मालक ओशाळं हसले. "बाई, सर सांगतात तसं करा."

बाईंनी तसं केलं. चाळीसच्या चाळीस ओळी चुकीच्या आहेत हे कळत असताना एकेक खूण जागेवरून हलवली.

पुस्तक निघाल्यावर चार महिन्यांनी, खुणा उलट्या आहेत असं कुणा अरबीच्या शिक्षकाचं खरमरीत पत्र आलं. लगोलग प्राध्यापकांची चिठ्ठी आली, पुस्तकात चिकटवायच्या पट्टीचा मजकूर घेऊन: 'मुद्रणदोषामुळे तिसऱ्या प्रकरणातील खुणा उलट छापल्या गेल्या आहेत.'

बाई लाल शाईची प्रुफं घेऊन मालकांसमोर उभ्या राहिल्या.

"मला माहीत आहे हो," मालक म्हणाले. "पण पुढचं पुस्तकही ते आपल्याकडेच देणार आहेत."

"निदान 'मुद्रणदोष' काढा. नुसतं 'चुकून' लिहू."

मालकांनी फोन केला. पलीकडून नकार आला.

बाईंनी पट्टी जुळवली, एका कागदावर बारा, आणि छापायला दिली. मग म्हणाल्या, "चिकटवायला मात्र दुसरं कुणी बघा."

दुसरं कुणी मोकळं नव्हतं. मालक स्वतःच डिंकाची बाटली घेऊन बसले. पट्ट्या तिरक्या लागत होत्या, डिंक बाहेर येत होता. बाईंना ते दिसत होतं, पण त्या उठल्या नाहीत.