चेनबापूंचं हॉटेल आणि तिसरी प्लेट

कॅनडात, ओटावाच्या कनाटा उपनगरात टेलिकॉम कंपनीत काम करणारा नंदन त्या हॉटेलात पहिल्यांदा शिरला तो वॉशरूमसाठी. ओटावाच्या पश्चिमेला तासाभरावरचं गाव. एक चर्च, एक हॉकीचं रिंक आणि कोपऱ्यावर लाल पाटीचं ‘लकी मून कॅफे’. परत जाताना स्वयंपाकघरातून बाईमाणसाचा आवाज आला, “अवो, कांदा करपायलाय न्हवं! ध्यान कुठं हाय?”

“करपू दे की. तुझ्या जिभंपुढं कमीच करपलाय.”

नंदनने डोकावून पाहिलं. बाई आपल्याकडची होती. पण कोल्हापुरी बोलणारा तो बाप्या चक्क चिनी!

तेच चेनबापू. कागदावर चेन कुओ-मिन. वडिलांचं कोल्हापुरात बुटांचं दुकान. चपलांच्या गावात बूट विकायचे म्हणजे छाती लागते, पण विकले. बापू तिथंच जन्मले, तालमीत लाल मातीत लोळले, पद्मजावहिनींशी लग्न केलं, आणि एकोणनव्वद साली चुलतभावाच्या टोरोंटोतल्या हॉटेलात कढई हलवायला आले. तेवीस वर्षं दुसऱ्याची कढई हलवल्यावर त्यांनी हे हॉटेल चालवायला घेतलं. आता नवरा-बायको दिवसभर भांडतात आणि गावातले गोरे शेतकरी म्हणतात, चिनी भाषा कानाला किती गोड लागते!

इमारत मात्र मा नावाच्या म्हाताऱ्या चिनी गृहस्थांची. वय शहाऐंशी. त्यांचे वडील इथं आले तेव्हा चिनी माणसाला कुणी दुसरं काम द्यायचं नाही. लाँड्री काढा, नाहीतर खानावळ. त्यांनी आधी गावाचे शर्ट धुतले, मग गावाला जेवू घातलं. चीनमध्ये कुणी स्वप्नातही पाहिले नसतील असे चिकन बॉल, वर चेरीसारखा लालभडक गोड सॉस. गाव त्यावर ऐंशी वर्षं खूश. म्हणून जागा देताना मांची एकच अट होती: मेनू बदलायचा नाही, चव बदलायची नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी ते स्वतः येऊन तपासायचे. मांची चिनी बोली कँटनीज, बापूंची हाक्का. एकमेकांचं ओ की ठो कळत नाही, म्हणून दोघं चिनी असून आपसात इंग्रजीत बोलायचे.

मा बसले की एक शब्द बोलायचे नाहीत. प्लेट चाटूनपुसून साफ. साफ झाली रे झाली की वहिनी दुसरी भरायच्या. मा ती संपवायचे. वहिनी तिसरी भरायच्या.

“खातंय बघा कसं म्हातारं,” वहिनी कौतुकानं सांगायच्या. “माझ्या हाताला चवच तशी हाय.”

जागेचा करार ऑक्टोबर दोन हजार सतराअखेर संपणार होता. आणि ऑगस्टात मा आले नाहीत. सप्टेंबरातही नाहीत. फोन केला तर लेक “बाबांना बरं नाही” म्हणून ठेवून द्यायची. बापूंची झोप उडाली. छप्पन्न वर्षांचा माणूस पुन्हा चुलतभावाच्या कढईपुढं उभा राहणार?

“पद्मे, खरं सांग. सॉसात कांदा-लसणाची चटणी टाकलीस का?”

“मी कशाला टाकू? तुमीच टाकली आसंल. चव बघताना हात वळवळतोय तुमचा.”

“चिमूटभर टाकलीती. एकदाच. दोन वर्षांमागं.”

“मग हाच तो घोटाळा!”

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी दोघं मांच्या दारात उभे राहिले. वहिनींच्या हातात डबा, डब्यात ताजे चाळीस चिकन बॉल. लेकीनं दार उघडलं, डबा पाहिला आणि कपाळावर हात मारला.

“अजून आणलेत? बाबांना मारायचं ठरवलंय का तुम्ही? तीन प्लेटी! येतात ते सोमवारपर्यंत आडवे. डॉक्टरांनी तळलेलं बंद केलंय. करारबिरार काही होणार नाही.”

“आम्ही कुठं मारतोय?” बापू इंग्रजीत गयावया करू लागले. “ते प्लेट रिकामी करतात!”

आतून म्हातारा ओरडला, “ती भरते म्हणून मी रिकामी करतो!”

सगळं उलगडायला अर्धा तास गेला. मांच्या वडिलांचा नियम होता, दुपारी ताटात टाकलेलं रात्री जेवायला तेच. तेव्हापासून मांनी कधी शीत टाकलं नव्हतं. त्यांना वाटलं, बाई आपली परीक्षा घेतेय. आणि वहिनींच्या माहेरी पाहुण्याचं ताट रिकामं दिसणं म्हणजे घरची अब्रू जाणं.

“मग बास म्हणायचं न्हाई व्हय?” वहिनींनी मराठीतच विचारलं.

“नुसतं बास म्हणून काय उपयोग?” बापू म्हणाले. “तू बास ऐकलंयस कधी जन्मात?”

मग बापूंनी मांच्या शेजारी बसून त्यांना शिकवलं. तोंडानं ‘नको’ म्हटलं की कोल्हापुरात ‘वाढा’ असं समजतात. दोन्ही हात ताटावर आडवे धरायचे. बाई भांडं आपटेल, रुसेल, शप्पथ घालेल. हात काढायचा नाही.

“आणि चव?” बापूंनी भीतभीत विचारलं. “दोन वर्षांमागं मी चटणी...”

“ते लाल पाणी गावासाठी आहे,” मा म्हणाले. “घरी आम्ही कधी खाल्लं नाही ते. मागं स्वयंपाकघरात तुम्ही स्वतः काय खाता? लसणाचा वास इतकी वर्षं येतोय मला.”

पुढच्या रविवारी मा मागच्या दारानं आले. स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून त्यांनी एक भाकरी, वांगं आणि नखभर चटणी खाल्ली. नाक पुसलं. प्लेट साफ केली. वहिनी भाकरी घेऊन निघाल्याच. मांनी झटकन दोन्ही हात आडवे केले.

“अर्धीच,” वहिनी म्हणाल्या. “चतकोर. तुमाला माझी शप्पथ.”

हात हलले नाहीत. वहिनी पुटपुटत मागं सरल्या. लेकीनं कराराचा कागद पुढं केला, पाच वर्षांचा. मांनी सहीसाठी उजवा हात काढला. डावा मात्र ताटावरच ठेवला, आणि सही करताना नजर कागदावर नव्हती, वहिनींवर होती.