लॅव्हेंडर बघायला निघालो आणि सुरंगी ओवून आलो

वार्षिक परीक्षेचे पेपर तपासून झाले की मी नकाशा काढते. रत्नागिरीतल्या एका शाळेत भूगोल शिकवत असल्यामुळे ही सवय लागली असेल, पण सुट्टीत कुठे जायचं हे मी फोनवर नाही, कागदावर ठरवते. यंदा कागदावर काश्मीर होतं. लॅव्हेंडरची जांभळी शेतं जूनमध्ये फुलतात आणि आमची शाळा जूनमध्येच उघडते. म्हणजे काश्मीर बाद. मग कुणीतरी राजापूर तालुक्यातल्या एका फूलबागेचा फोटो पाठवला. जांभ्या दगडाच्या बुटक्या गडग्यापुढे लॅव्हेंडरची रांग आणि मागे समुद्राची निळी पट्टी. अंतर साधारण पन्नास किलोमीटर. मी फोन केला, एप्रिलच्या तिसऱ्या शनिवारची खोली ठरवली आणि संध्याकाळी वहिनीकडे गेले.

शैलावहिनी म्हणजे माझ्या मोठ्या भावाची बायको. आमच्या घरापासून चार घरं सोडून राहते. दादा लोट्याला एका कारखान्यात होता आणि शनिवारी घरी यायचा. गेल्या वर्षी फेब्रुवारीत तो गेला. मुलगा निखिल मुंबईला नोकरीत, त्यामुळे घरात वहिनी एकटीच. मला आठवतं तेव्हापासून तिच्या केसात रोज काहीतरी असायचं, अबोली, मोगरा, काहीच नसलं तर कुंपणावरची कोरांटी. दादा गेल्यापासून काही नव्हतं. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगावं लागत नाही.

मार्चमध्ये शेजारी बारसं होतं. एक मुलगी गजऱ्यांचं तबक घेऊन बायकांमधून फिरत होती. वहिनीपुढे ती क्षणभर थांबली, गोंधळली आणि तबक पुढे माझ्याकडे आणलं. वहिनीने मांडीवरचं बाळ अगदी नीट सावरलं, जसं काही तिला तबक दिसलंच नव्हतं. मी तो गजरा घेतला आणि पिशवीत टाकला. तेव्हापासून मला वहिनीला कुठेतरी घेऊन जायचंच होतं.

"फुलांच्या बागेत येऊन मी काय करू?" ती म्हणाली.

"बघ. लॅव्हेंडर तू कुठे पाहिलंयस?"

"टीव्हीवर."

"मग आता नाकाने बघ."

ती हसली नाही, पण नाहीही म्हणाली नाही. आमच्याकडे हे हो असतं.

शनिवारी सकाळी सातला निघालो. जाणाऱ्यांनी हायवेचा विचार करू नये. लांजा, राजापूर करून जाता येतं, पण खरी मजा सागरी रस्त्यावर आहे: भाट्याचा पूल, पावस, पूर्णगडची खाडी, गावखडी, कशेळी, आडिवरे. रस्ता बहुतेक ठिकाणी चांगला आहे, फक्त घाटीत वळणं अचानक येतात आणि समोरून एसटी आली की आपणच मागे घ्यायचं. माझी छोटी गाडी आहे आणि मी हॉर्न वाजवत चालवते, त्यामुळे पावणेदोन तास पुरले. स्वतःची गाडी नसेल तर रत्नागिरीहून नाट्याकडे जाणारी एसटी धरावी, बागेच्या फाट्यावर ती थांबते. वाटेत आडिवऱ्याला मिसळ खाल्ली. तिखट बेताचं, पाव ताजा. वहिनीने अर्धीच खाल्ली आणि उरलेली माझ्याकडे सरकवली.

बाग कातळावर आहे. कातळ म्हणजे उघडा जांभा, उन्हाळ्यात अनवाणी पाय ठेवता येत नाही असा. मालकीणबाई फाट्यावर स्वतः उभ्या होत्या: रुकसानाभाभी, पन्नाशीच्या आसपास, डोक्यावरचा पदर कानामागे खोचलेला, हातात कोयती. नवरा कुवेतला. तिकडून आलेल्या पैशातून लोकं बंगले बांधतात, यांनी कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले, ट्रॅक्टरने माती आणून भरली आणि सोनचाफ्याची कलमं लावली. आज सोनचाफा, मोगरा, अबोली आणि सासऱ्यांच्या वेळची चार सुरंगीची झाडं आहेत.

"लॅव्हेंडर कुठंय?" मी उतरल्या उतरल्या विचारलं.

भाभींनी कोयती खाली ठेवली. "आधीच सांगते बाय, फोटोवर जाऊ नका. तो माझ्या लेकीने टाकला, दोन वर्षांमागचा. बारा रोपं आणलेली, पाच जगली. आपली हवा दमट, त्याला सोसत नाय. तुमचे पैसे परत हवे तर देते."

एवढं सरळ बोलणारं माणूस भेटल्यावर काय परत मागायचं. सावलीतल्या कुंड्यांमध्ये पाच रोपं होती, राखाडी पानांची, फूल एकालाही नाही. वहिनीने एक पान चुरगळून नाकाशी नेलं.

"कसं आहे?" मी विचारलं.

"पाहुण्यांसाठी ठेवतात त्या साबणासारखं." मग थोडं थांबून, "वाईट नाही. पण यासाठी काश्मीरला जाणार होतीस?"

दुपारचं जेवण भाभींच्या हातचं: तांदळाची भाकरी, बांगड्याचं तिखलं, सोलकढी, आणि शाकाहारी पाहुणे असले तर फणसाची भाजी. दोन खोल्या आहेत, साध्या, स्वच्छ, पंखा आहे, एसी नाही. आंघोळीला विहिरीचं पाणी. दोघींचं राहणं-जेवण धरून अडीच हजारांच्या आत झालं. सकाळी फूलतोडणी बघायची असेल तर साडेपाचला उठायची तयारी ठेवा. दहानंतर बागेत फक्त ऊन असतं.

आम्ही साडेपाचला उठलो. सुरंगीचं झाड ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. त्याला फुलं फांदीच्या टोकाला येत नाहीत, जुन्या फांद्यांच्या सालीवरच गुच्छांनी फुटतात, जणू झाडाने अंगावर दागिने घातले आहेत. कळी गोल, मोत्याएवढी. उमलायच्या आत तोडायची, कारण ऊन चढलं की ती उघडते आणि ओवता येत नाही. वास मात्र असा की शिडीवर चढलेल्या बाईचं डोकं गरगरतं. हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा आणि आम्ही पोचलो तो त्यातला शेवटचा आठवडा होता.

तोडलेल्या कळ्यांच्या दोन टोपल्या ओट्यावर आल्या. भाभी त्यांच्याकडे बघत फोन कानाला लावून उभ्या होत्या. फोन ठेवून त्या सुई शोधायला लागल्या. राजापूरला त्या दिवशी लग्न होतं आणि वऱ्हाडातल्या बायकांसाठी साठ वळेसर द्यायचे होते. वळेसर म्हणजे सुरंगीची ओवलेली माळ. ओवायला येणाऱ्या दोघी मायलेकी होत्या आणि मुलीला पहाटे दवाखान्यात न्यावं लागलं होतं, दिवस भरले होते तिचे. सव्वानऊच्या एसटीत माळा कंडक्टरच्या हाती द्यायच्या. तेव्हा साडेसहा वाजले होते.

"साठ तुमच्या एकटीकडून होतील?" मी विचारलं.

"नाय होणार. होतील तेवढे देईन. बाकीच्यांसाठी फोन करून बोलणी खाईन. पहिल्यांदाच एवढी मोठी ऑर्डर दिली त्यांनी."

मी लगेच मांडी घालून बसले. मी कुठल्याही कामाला बसते, जमतं की नाही ते नंतर बघते. पहिल्या पाच मिनिटांत मी चार कळ्या चिरल्या आणि बोटात सुई घुसवली. वहिनी खांबाला टेकून बघत होती. दादाच्या माघारी तिने फुलाला हात लावला होता तो फक्त देवाच्या ताटात. तिने एकदा माझ्या हातातल्या माळेकडे पाहिलं, एकदा टोपलीकडे. मग पदर खोचला, माझ्या समोर बसली आणि हात पुढे केला.

"दे ती सुई. तू वाया घालवतेयस."

पुढचे अडीच तास मी फक्त दोरे कापून देत होते. वहिनीचे हात बघण्यासारखे होते. डावा हात टोपलीत न बघता जायचा, तीन कळ्या घेऊन यायचा, देठ एका रांगेत, सुई आरपार. भाभींनी दोनदा आपलं काम थांबवून पाहिलं.

"कुठं शिकलात?"

"माहेरी. केळशीला. आमच्या परसात होतं एक झाड."

"मग तुमच्या केसात एक पण फूल कसं नाय?"

वहिनीची सुई थांबली नाही. "माझे मिस्टर गेले. चौदा महिने झाले."

भाभींनी हातातल्या माळेला गाठ मारली. मग म्हणाल्या, "माझे सासरे गेले तेव्हा सासू इद्दतला बसली. चार महिने दहा दिवस. नवा कपडा नाय, अत्तर नाय, काय नाय. दिवस संपले त्या सकाळी मला म्हणाली, रुकसाना, झाडाला काय आहे का बघ. रडत होती आणि वळेसर माळत होती."

"तुमच्यात दिवस मोजून दिलेत," वहिनी म्हणाली. "आमच्यात आकडाच नाही."

मला बोलायचं होतं, बरंच, वर्गात बोलते तसं. पण त्या दोघींचे हात चालू होते आणि मला माझं तोंड बंद ठेवायचं कळलं, जे क्वचित होतं.

नऊला सत्तावन्न वळेसर झाले. शेवटच्या कळ्या हातातच उघडायला लागल्या होत्या. उरलेल्या तीनसाठी भाभींनी घट्ट मोगऱ्याचे गजरे टाकले, केळीच्या पानात सगळं बांधलं आणि पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून फाट्यावर धावल्या. एसटी वेळेवर आली, हेही लिहून ठेवते. खोकं कंडक्टरच्या शेजारच्या सीटवर बसून राजापूरला गेलं.

आम्ही परत ओट्यावर आलो तेव्हा टोपलीच्या तळाशी पंधरा-वीस कळ्या होत्या. वहिनीने त्या ओवल्या. वीतभर माळ झाली. ती हातात धरून वहिनी इतका वेळ बसली की मला वाटलं आता भाभींना देऊन टाकेल.

"नीता," ती मला म्हणाली, "तूच माळ. मला मागचं दिसत नाही."

मी माळली. तिची मान अगदी स्थिर होती. भाभी चहा घेऊन आल्या, त्यांनी पाहिलं आणि कप खाली ठेवून म्हणाल्या, "साखर कमी घातलीय, चालेल ना?"

परतताना पावसला शहाळं प्यायला थांबलो आणि तिथेच आमच्या गल्लीतल्या काकू भेटल्या. बारशाच्या घरातल्याच. देवदर्शनाला आल्या होत्या. त्यांची नजर वहिनीच्या चेहऱ्यावरून केसांवर गेली आणि तिथेच राहिली. मी उत्तर तयार केलं होतं, तीन मुद्द्यांचं. वहिनीने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"सुरंगी आहे, काकू," ती म्हणाली. "मीच ओवली."

"हो का," काकू म्हणाल्या. "ऊन फार आहे नाही आज." आणि त्या रिक्षाकडे वळल्या.

भाट्याच्या पुलावर वहिनीने गाडीची काच खाली केली. "काकूंना बघून हात केसांकडे जात होता माझा," ती म्हणाली. "पण काढावीशी नाही वाटली."

काकूंनी वेळ घालवला नाही. आम्ही घरी पोचून हातपाय धूत होतो तोवर निखिलचा मुंबईहून फोन आला. वहिनीने स्पीकरवर लावला, कारण तिचे हात ओले होते.

"आई, काकूंचा फोन होता. बरी आहेस ना तू?"

"बरी आहे. फुलं माळली म्हणून फोन होता तो."

तो म्हणाला, "मला काही नाही गं. पण लोक उगाच बोलतात, तुलाच त्रास होईल."

"मग लोकांना माझा नंबर दे. तू कशाला मध्ये."

तो हसला, थोडा उशिराने, पण हसला. सगळे हसले नाहीत. गल्लीतल्या दोघी अजूनही वहिनी दिसली की पिशवीत काहीतरी शोधायला लागतात. बारशातली ती मुलगी मात्र एकदा घरी येऊन सुरंगी कुठे मिळते विचारून गेली.

आता या सहलीतून काय उरलं, ते. बागेला जाणार असाल तर मार्चमध्ये जा, सुरंगी भरात असते. लॅव्हेंडरसाठी जाऊ नका. फोन करून जा, भाभी दोनच कुटुंबं घेतात. टोपी, पाण्याची बाटली आणि चांगले बूट हवेत. एवढं मी कुठल्याही बागेबद्दल लिहिलं असतं. जे लिहायचं ठरवलं नव्हतं ते असं की मे महिन्याच्या सुरुवातीला भाभींनी वहिनीला फोन केला. मोगऱ्याच्या लग्नऑर्डरी होत्या आणि ती मायलेकींची जोडी आता तान्ह्या बाळात अडकलेली. दर मंगळवारी येऊन दोन दिवस राहाल का, रोजंदारी ठरवून देते. वहिनीने माझा सल्ला घेतला नाही. बुधवारी कळलं मला, तेही ती घरी नव्हती म्हणून.

पुढच्या मंगळवारी मी हट्टाने तिला स्टँडवर सोडायला गेले. खिडकीची जागा धरून दिली, पिशवी वर ठेवली, पाण्याची बाटली दिली, उतरायचं कुठे ते पुन्हा सांगितलं. ती सगळं ऐकून घेत होती. खाली उतरून मी खिडकीपाशी उभी राहिले. कंडक्टर तिकीट फाडत तिच्यापर्यंत आला आणि गाव ऐकून त्याने सहज विचारलं, "पाहुण्यांकडे काय?"

"नाही," वहिनी म्हणाली. "कामाला."