जाळीच्या रस्त्यावरचा हॉर्न

ती पहाट अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सेवानिवृत्त होऊन मी आता मुलीकडे नागपुरात असतो. इथले रस्ते सरळ, कोरडे. पण सकाळी फिरायला निघालो की नसलेलं धुकं दिसायला लागतं, आणि धुक्यात आमचा तो रस्ता.

गोव्यात पेडण्याकडून डिचोलीकडे येणारा तो रस्ता एके काळी द्रुतगती मार्ग होता. दोन्ही बाजूंना उंच जाळी, म्हणून लोक त्याला जाळीचा रस्ता म्हणत. सायकल, बैलगाडी, पायी माणूस, कुणालाच आत मज्जाव. गाडी नुसती थांबवली तरी आम्ही दंड करायचो. पुढे खाणी थंडावल्या, ट्रक कमी झाले आणि एक दिवस वरून कागद आला, हा आता साधा महामार्ग. जाळी निघाली. दुभाजकाच्या गवतात गुरं बसू लागली, कडेच्या डांबरावर बायका भात वाळत घालू लागल्या. पहाटे त्या चार लेनींमधून एकटी सायकल जाताना दिसली की वाटायचं, रस्ता झोपलाय आणि हे सगळं त्याच्या स्वप्नात चाललंय.

अशाच एका पहाटे मुळगावच्या अलीकडे, वाट राखणाऱ्या देवाच्या, राखणदाराच्या घुमटीसमोर, म्हणजे छोट्या देवळीसमोर, सायकलवरून पाव विकणाऱ्या पोदेराला एका गाडीने उडवलं. गाडी पळाली. पोदेर बेशुद्ध. मी तेव्हा सहायक उपनिरीक्षक होतो, तपास माझ्याकडे आला. पंचनाम्याला पोचलो तेव्हा पाव रस्ताभर पांगले होते, अजून कोमट. कुणी त्यांवर पाय देत नव्हतं.

दुपारी ठाण्यात फोन आला. नाव सांगितलं नाही. मांद्र्याची एक टॅक्सी गॅरेजात उभी आहे, डावा दिवा फुटलाय, एवढंच. टॅक्सीवाल्याला आणलं. नुकतंच लग्न झालेला माणूस, दोन वर्षांपूर्वी परवाना मिळालेला.

"दिवा कसा फुटला?"

"रेड्यान शिंग मारल्यान, सायबा. काल सांजेक."

"मग रेड्याचा जबाब घ्यायचा काय?" आमचा हवालदार म्हणाला. ठाणं हसलं. मीही हसलो.

"आज सकाळी त्या वाटेने गेलास?"

"गेलंय. राखणदाराकडे थांबलंय, विडो ठेवलंय, मगे भाडा घेवक गेलंय. तेव्हा थंय कोण नव्हतो."

फुटलेला दिवा, तीच वाट, तीच वेळ. मी अटक दाखवली. स्टेशन डायरीत नोंद करताना मला बरं वाटलं होतं, हे कबूल करतो. आठवीत शाळा सुटलेला मी शिपायापासून वर आलो होतो. एखादा तपास लांबला की वाटायचं, लोक म्हणतील याला काय जमतंय. तपास एका दिवसात संपला याचाच आनंद.

पण रात्र गेली तरी तो माणूस एकच वाक्य बोलत राहिला, "विडो बघा, सायबा." बाहेरच्या बाकावर त्याची बायको डबा मांडीवर घेऊन बसली होती. दुसऱ्या दिवशी मी घुमटीकडे गेलो. देवापुढे ठेवलेले पानाचे विडे होते, चार-पाच. त्यातला त्याचा कुठला, देव जाणे.

घुमटीसमोर एक म्हातारी राहते, झाडलोट करते, हार विकते. तिला नीट दिसत नाही म्हणून पहिल्या दिवशी तिचा जबाबच घेतला नव्हता.

"काकी, काल काय ऐकलंत?"

"पोदेराचो भोंपू. मगे गाडयेचो हॉर्न, दोनदा. मगे धाडकन."

"गाडी थांबली?"

"थांबतली कशी? हॉर्न मारून जाता तो जाळयेच्या वेळचो. नवे थांबतत, विडो ठेवतत. जुन्यांका तुमी थांबूक खंय दिलास?"

मी तिथेच पायरीवर बसलो. खरंच होतं. थांबणं गुन्हा होता तेव्हा चालक राखणदाराला हॉर्ननेच नमस्कार करत. जाळी गेली, पण त्या काळातल्यांची सवय राहिली. आमच्या टॅक्सीवाल्याचा परवाना जाळी निघाल्यानंतरचा; जाळी असताना त्याने त्या रस्त्यावर कधी गाडी चालवलीच नव्हती.

पहाटे त्या वाटेने जाणारे जुने चालक आता मोजून तिघे. त्यांतला एक सर्वणचा, दुधाचा टेम्पो चालवणारा, आयुष्यात एकही अपघात न केलेला. टेम्पोच्या नंबरप्लेटमागे पोदेराच्या टोपलीवरच्या निळ्या प्लास्टिकची चिंधी अडकली होती. ती मी पंचांसमक्ष जप्त केली.

"दादा, बसा," मी म्हटलं. तो उभाच राहिला.

"हॉर्न मारलंय, हात छातयेक लावलंय, डोळे मिटलंय. इतकी वर्सां तसोच जातंय. त्या लेनीत सायकल कधी नव्हती, सायबा."

"मग पळालात का?"

"वाटला, गोरू आसतला. आरशात पाव दिसले. मगे पाय ब्रेकार गेलोच नाय."

असं म्हणून तो लहान मुलासारखा रडला. पोदेर तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आला, पाय मोडला होता, पण जगला. टेम्पोवाल्याने कोर्टात गुन्हा कबूल केला.

रस्त्याचा दर्जा एका कागदाने बदलतो. माणसाच्या हातापायांतला जुना रस्ता मात्र तसाच वाहत राहतो, आणि माणूस अर्धवट जागेपणी त्याच रस्त्याने जात असतो. मीही वेगळा नव्हतो. फुटका दिवा दिसला आणि मी डोळे मिटले. त्या म्हातारीचे उपकार, नाहीतर एका निरपराध माणसाचं आयुष्य माझ्या घाईखाली आलं असतं.

टॅक्सीवाला सुटला त्या दिवशी तो ठाण्यातून हलेना.

"माका पकडल्यात तां लिवलात. सोडल्यात तां लिवलात काय?"

नियमात बसत नव्हतं, पण मी डायरी त्याच्यापुढे उलटी करून धरली. त्याने बायकोला पुढे केलं, "तू वाच." ती बोट ठेवून एकेक शब्द वाचू लागली. माझं अक्षर वाईट. शेवटच्या ओळीवर अडली आणि माझ्याकडे पाहू लागली.

"'गुन्ह्याशी संबंध नाही,' असं आहे ते," मी सांगितलं.

"परत एकदा सांगा," ती म्हणाली.

मी परत सांगितलं.