काळा धूर सोडत डोंबिवली ते माळशेज

माळशेजला जायचं ठरलं ते निसर्गासाठी नाही, आईमुळे. बाबांची शंभर सीसीची जुनी मोटरसायकल हल्ली काळा धूर सोडायला लागली होती. आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावरच्या जोशीकाकूंनी वाळत घातलेली पांढरी चादर एकदा राखाडी झाली आणि प्रकरण आईपर्यंत गेलं. आई आमच्याकडे सर्वोच्च न्यायालय आहे. दिवाळीच्या साफसफाईत तिने बाबांचे भोकं पडलेले बनियन बाद केले होते, आता गाडीची पाळी आली होती.

बाबांनी खूप गयावया केली. शेवटी आईने निकाल दिला. "माळशेजला जाऊन या. स्वतःच्या चाकांवर परत आली तर राहील. टेम्पोत घालून आणलीत, तर घरी आणूच नका, तशीच भंगारात द्या. आणि मुग्धा येईल बरोबर, पंच म्हणून. ती खोटं बोलत नाही."

मुग्धा म्हणजे मी. ठाण्यात घोडबंदर रोडला भाड्याने राहते आणि सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करते. दुसऱ्याच्या कामात खोट काढायचा पगार मिळतो म्हटल्यावर आईला माझ्याइतका लायक पंच मिळणं शक्यच नव्हतं. बाबांनी मात्र माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्याच घरात परकं वाटलं. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना त्या गाडीशिवाय दुसरा छंद नाही, हे मलाही माहीत होतं.

शनिवारी मी डोंबिवलीला मुक्कामाला आले आणि रविवारी उजाडायच्या आत आम्ही निघालो. तुम्ही या रस्त्याने जाणार असाल तर हे पाळाच, कारण उशीर केलात तर शहाडच्या पुलावरच्या कोंडीतच तुमची सहल संपते. जानेवारीची चांगली थंडी होती. तरी बाबांनी किक मारली आणि गाडी लगेच सुरू झाली.

"बघितलंस? चोकसुद्धा लागला नाही!"

थंडीत जुन्या गाडीला चोक लागतोच. तो लागला नाही ही खरं तर काळजीची गोष्ट होती, पण तेव्हा मी अर्धवट झोपेत होते आणि बाबा इतके खूश होते की मी थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्यांच्या हातात दिला.

कल्याणपर्यंत गाडी गुणी वागली. शहाडचा पूल चढताना तिने आचके द्यायला सुरुवात केली. बाबा जेवढी मूठ पिळत तेवढी ती मलूल होई आणि मागे काळा धूर सोडे. एक रिक्षावाला आमच्या बरोबरीला आला, हसून म्हणाला, "काका, मच्छर मारायला निघालात काय?" आणि पुढे गेला.

म्हारळला एक गॅरेज नुकतं उघडत होतं. मेकॅनिकने सायलेन्सरच्या पुंगळीला नाक लावलं आणि लगेच मागे घेतलं. "काका, पेट्रोल पिते, जाळत नाय. प्लग बघा." प्लग काढायला तो आपला पाना घेणार तोच बाबा ओरडले, "थांबा! माझा पाना आहे." दुसऱ्याच्या पान्याने आटे जातात असा त्यांचा ठाम विश्वास आहे. पाने गाडीच्या सीटखाली असतात. बाबांनी मला पाणी आणायला पाठवलं. मी परत आले तर ते आमच्याकडे पाठ करून सीटखालून पाना काढत होते.

प्लग काजळीने काळा कुळकुळीत निघाला. मेकॅनिकने तो घासला, कार्बोरेटरचा स्क्रू थोडा फिरवला, पैसे घेतले, आणि गाडी खरंच सुधारली. रायत्याच्या पुलावर उल्हास नदीवर धुकं होतं. बाबा मोठ्याने गाणं म्हणत होते आणि मला तेही सहन होत होतं.

मामणोलीच्या पुढे गाणं थांबलं. पुन्हा तेच आचके, तोच धूर, पेट्रोलचा तोच वास. मुरबाडला कसेबसे पोचलो आणि रस्त्याकडेच्या एका हॉटेलात मिसळ खायला बसलो. ही मिसळ चुकवू नका. तर्री मागाल तेवढी वाढतात, ऐंशी रुपयांत दोन पाव येतात, तिसरा मात्र वेगळा घ्यावा लागतो. स्वच्छतागृहही बऱ्यापैकी आहे, आणि बायकांनी इथेच जाऊन घ्यावं, पुढे भरवसा नाही.

हॉटेलवाल्याचीही कधीकाळी हीच गाडी होती. तो हात पुसत बाहेर आला. "चोकची केबल अडकली आसंल. माझीबी अशीच करायची. स्क्रू ड्रायव्हर हाय का?"

"माझा आहे," बाबा म्हणाले, आणि मला म्हणाले, "तू बिल देऊन ये बरं."

बिल देऊन आले तोवर सीट बंद झाली होती. केबलवर तेलाचे दोन थेंब पडले आणि गाडी पुन्हा झक्कास. हॉटेलवाल्याने छाती फुगवली. बाबांनी त्याला मिठीच मारली. मी मात्र आता पूर्ण जागी झाले होते. एकाने स्क्रू फिरवला, दुसऱ्याने केबलला तेल दिलं, आणि दोन्ही उपायांनी अगदी एकसारखा गुण आला, थोडा वेळ. माझ्या ऑफिसात असं झालं तर आम्ही दोन्ही उपाय खोटे धरतो.

सरळगाव, टोकावडे मागे पडलं. डोंगर समोर आले, शेतांत हरभरा दिसायला लागला. ज्यांना फोटो काढायचे आहेत त्यांनी इथे थांबावं. आम्हीही थांबलो, पण धुरामुळे. घाटाच्या पायथ्याशी सावर्ण्याला गाडीने मान टाकली. बाबांनी मला डोंगर बघायला सांगितलं, पाठ केली, सीट उघडून पाना काढला, आणि तेवढ्यात आईचा फोन आला.

"कुठपर्यंत आलात? चालतेय का?"

"उत्तम!" बाबा म्हणाले. घाईघाईत त्यांनी पाना होता तिथे ठेवला, सीट बंद केली आणि आईला ऐकवण्यासाठी किक मारली. गाडी सुरेल सुरू झाली. मूठ पिळली, धुराचा पत्ता नाही.

म्हणजे या वेळी कुणी काहीच केलं नव्हतं. फक्त सीट उघडली होती.

मी मागे बसले आणि हिशोब जुळवू लागले. चोक म्हणजे काय, तर हवेची वाट अडवणं. हवा कमी मिळाली की पेट्रोल जास्त होतं, पूर्ण जळत नाही, प्लगवर काजळी धरते, धूर काळा येतो. सकाळी चोक लागला नाही, कारण गाडीला तो आधीच कुणीतरी लावून ठेवलेला होता. आणि या गाडीच्या एअर फिल्टरचं तोंड असतं सीटखाली.

घाट अर्धा चढलो आणि ती शेवटची आचकली. मध्येच, वळणावर, दरीच्या कठड्याशी. बाबा किका मारून घामाघूम झाले. माकडं कठड्यावर बसून आमच्याकडे बघत होती. एक रिकामा टेम्पो येऊन थांबला. ड्रायव्हर कल्याणच्या बाजारात भाजी टाकून ओतूरला परत निघाला होता.

"ताई, टाका की माघं. रिकामाच चाललोय."

"बाबा," मी म्हटलं, "सीट उघडा."

"कशाला?"

"किल्ली द्या."

आणि बाबांनी टेम्पोकडे बघितलं. मग सीटकडे बघितलं. मग परत टेम्पोकडे. जी गाडी वाचवायला हा माणूस पहाटेपासून धडपडत होता, ती भंगारात घालायचा विचार तो खरोखर करत होता, पण सीट उघडू द्यायला तयार नव्हता. मला हसूही आलं आणि त्यांची फार दयाही आली.

"आईला सांगणार नाहीस ना?" असं म्हणून त्यांनी किल्ली दिली.

सीटखाली पाने होते आणि तीन बनियन होते. दिवाळीत बाद झालेले, भोकांसकट. दोन पान्यांखाली दबलेले, आणि तिसऱ्याचा खांदा एअर फिल्टरच्या तोंडात आत खेचला गेलेला. मी तो ओढून काढला. तो चांगला वीतभर आत होता; दर वेळी पाना काढताना तो थोडा बाहेर यायचा आणि गाडी पळू लागली की पुन्हा आत खेचला जायचा.

"नवे टोचतात गं," बाबा कठड्याकडे बघत म्हणाले. "आई भजनाला गेली की हे घालतो. ती यायच्या आत खाली येऊन ठेवून देतो."

"आणि धुता कधी?"

"तीच तर अडचण आहे."

टेम्पोवाला पोट धरून हसला. "आवो, गाडीला बी बनियन घातला व्हय!"

मी प्लग घासून बसवला, बाबांच्याच पान्याने. गाडी सुरू झाली आणि उरलेला घाट ती अशा तोऱ्यात चढली की टेम्पोवाल्याने मागून हॉर्न वाजवून सलामी दिली. वर खुबी फाट्याला चहा आणि कांदाभजी घेतली. समोर पिंपळगाव जोग्याच्या धरणाचं पाणी चकाकत होतं. वारा बोचरा होता म्हणून बाबांनी टपरीमागे जाऊन एक बनियन शर्टाच्या आत चढवला आणि अगदी तृप्त चेहऱ्याने परत आले.

"पंचांनी निकाल सांगायचा असतो," ते भजी पुढे करत म्हणाले. "कारण सांगायचं असतं असं नाही."

मी भजं घेतलं, पण शब्द दिला नाही.

परतीचा प्रवास लिहिण्यासारखा नाही, कारण काहीच बिघडलं नाही. डोंबिवलीला पोचलो तेव्हा आई पार्किंगमध्ये उभी होती. तिने पांढरा रुमाल पुंगळीसमोर धरला आणि बाबांना मूठ पिळायला लावली. रुमाल पांढराच राहिला. जोशीकाकू गॅलरीतून साक्षीला होत्या.

"मग काय झालेलं हिला?"

"हवा अडत होती," बाबा म्हणाले.

"कशाने?" हे तिने मला विचारलं.

मी तोंड उघडलं, पण बाबाच पुढे झाले. "तिला नको विचारूस. मी सांगतो." आणि त्यांनी शर्टाची वरची दोन बटणं काढली.

आईने तो बनियन भोकांवरून लगेच ओळखला. मला वाटलं, आता गाडीबरोबर आम्हीही भंगारात जाणार.

"म्हणजे गाडी चांगली होती," ती म्हणाली. "टोचतात हे दिवाळीतच सांगायला काय झालेलं?"

"तू एवढ्या हौसेने आणलेस," बाबा म्हणाले. "वाईट वाटलं असतं तुला."

 वर घरात गेल्यावर आईने नवा बनियन काढून आणला आणि विचारलं, "नेमकं कुठे टोचतं?"

बाबांनी मानेमागे हात नेला. आईने तिथे बोट फिरवून पाहिलं, कात्री घेतली आणि गळ्यामागचं लेबल कापून टाकलं. बाबांनी बनियन घालून पाहिला, मान इकडेतिकडे वळवली आणि खालच्या आवाजात म्हणाले, "नाही टोचत." मग आईने उरलेल्या सगळ्या बनियनची लेबलं कापली. कापलेली लेबलं मी वेचून कचऱ्यात टाकली.

माळशेज सुंदर आहे, जरूर जा. पेट्रोल मुरबाडलाच भरून घ्या. जुन्या बनियनची फडकी झाली असून ती आईच्या ताब्यात असतात. बाबांच्या गाडीच्या सीटखाली आता फक्त पाने आहेत. दर रविवारी आई स्वतः किल्ली घेऊन सीट उघडून बघते, आणि मग मागे बसून बाबांबरोबर टिटवाळ्याला गणपतीला जाते.