दस्तगीर मिस्त्रींचे दिवे

कुणी नवी बॅटरी हातात दिली की दस्तगीर मिस्त्री आधी डोळे मिटायचे. आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. डोळे मिटून ते बोटांनी बटण शोधायचे, चालू करायचे, बंद करायचे, मागचं झाकण उघडून सेल काढायचे, परत घालायचे. एवढं झालं की डोळे उघडायचे. बटण शोधायला जरा जास्त वेळ लागला तर ती बॅटरी तशीच परत द्यायचे. ‘‘अंधारात बटण दिसत न्हाई, बाई,’’ ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते. मी कराडच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते, म्हणून त्यांच्या तोंडी मी कायम ‘बाई’च राहिले.

त्यांचं कराडजवळच्या मलकापुरात मोटारी भरायचं दुकान होतं. जळालेल्या पंपाच्या तारा काढून नव्या गुंडाळायच्या, हा त्यांचा धंदा. तरुणपणी जत, कवठेमहांकाळकडच्या खोल विहिरींत दोरावर उतरून त्यांनी पंप बसवले होते. उजेडाची पारख त्यांना तिथून आली. मी आणि माझा धाकटा भाऊ अनिल, आम्ही सात-आठजण मिळून सातारा-सांगलीकडची जुनी पाण्याची भुयारं, डोंगरातली टाकी शोधून त्यांचे नकाशे करायचो. अनिल जमीन मोजणीची कामं घ्यायचा, त्याच्याकडे यंत्रं होती. दिवे मात्र आम्ही बाजारातून डोळे दिपवणारे आणले होते. ते तपासून घ्यावेत म्हणून कुणीतरी मिस्त्रींचं नाव सांगितलं.

त्यांनी आमचे सगळे दिवे दुकानातल्या पाण्याच्या बादलीत टाकले आणि चहा मागवला. चहा संपेपर्यंत निम्मे विझले होते. आम्ही खोक्यावरचे आकडे वाचून दाखवू लागलो, तसे ते म्हणाले की खोकं घेऊन काय भुयारात जायचं नाही. उरलेले दिवे त्यांनी सकाळी लावून ठेवायला सांगितले. संध्याकाळी येऊन बघितलं तर दोन चालू होते. लांब किती जातो ते कंपनी सांगते, टिकतो किती ते आपणच बघायचं, असं त्यांचं म्हणणं.

पुढच्या रविवारी ते स्वतःच आमच्याबरोबर आले. साठीला टेकलेला माणूस, अंगात जुना स्वेटर, पायांत रबरी बूट. आत गेल्यावर त्यांनी अनिलची लांब झोत टाकणारी बॅटरी बंद करायला लावली. ‘‘ही राखणदाराला बरी. भुयारात लांबचं चोर पकडायचं न्हाई, पायाखालचं बघायचं.’’ त्यांना पसरट, जरा पिवळसर उजेडाचा दिवा लागायचा. पांढऱ्याफेक उजेडात ओला दगड आणि पाणी सारखंच दिसतं, हे त्यांनी आम्हाला तिथेच दाखवलं. डोक्यावर दिवा असलाच पाहिजे, कारण हात भिंतीला लागतात. पण आत वाफ असली की डोक्यावरच्या दिव्यानं समोर नुसतं धुकं उजळतं, तेव्हा हातातली बॅटरी कमरेजवळ धरायची. खालून उजेड पडला की खड्ड्याची सावली उठून दिसते. हे सगळं ते चालता चालता सांगायचे, शिकवल्यासारखं नाही.

माणशी तीन दिवे, हा त्यांचा एकच कडक नियम. एक डोक्याला, एक गळ्यात, एक खिशात. दुसऱ्याच्या खिशातला हिशेबात धरायचा नाही. मोबाईलचा उजेड ते मोजतच नसत. कुणी मोबाईल काढला की म्हणायचे, ‘‘त्यो बोलायला हाय.’’ अनिल त्यांची नक्कल फार छान करायचा. त्यांच्यासमोरही करायचा. ते हसायचे आणि त्याच्या डोक्यावरच्या दिव्याचा पट्टा ओढून घट्ट करायचे. त्याचा दिवा त्यांनी स्वतः निवडून दिला होता. त्याआधी तीन परत पाठवले होते.

पाटणकडच्या एका गावात रस्त्यालगत एक भुयार आहे. आम्ही त्याचा नकाशा पूर्ण केला होता. आत साठेक पावलांवर तळाला एक जुना आड आहे, उघडा, कठडा नसलेला. नकाशावर तो अनिलनंच लाल पेन्सिलीनं काढला होता. एका बुधवारी दुपारी तो त्याच गावात मोजणीला गेला. मोजणी लवकर उरकली. त्यानं मोटारसायकल भुयाराच्या तोंडाशी लावली आणि आत गेला. का गेला ते आम्हाला कधीच कळलं नाही. बराच वेळ गाडी तशीच दिसली म्हणून गावातल्या लोकांनी मिस्त्रींना फोन केला, नकाशाच्या वेळी त्यांचा नंबर तिथे दिलेला होता. मिस्त्री आले, आडात उतरले आणि त्यांनीच त्याला वर आणलं. मी पोचले तेव्हा ते बाहेर दगडावर बसून बूट काढत होते. बुटांतलं पाणी त्यांनी ओतलं, मग माझ्याकडे बघितलं.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत. माणसं येत होती, मी पाणी देत होते. पोलीस ठाण्यातून मोटारसायकल मी आणली. तिच्या डिकीत अनिलचा डोक्याचा दिवा होता, गळ्यातला होता, खिशातला होता. तिन्ही कापडात गुंडाळलेले. मी डोक्याचा दिवा लावून बघितला. लागला. मी तो बंद करून कपाटात ठेवला आणि पोळ्या करायला गेले. तो नुसता मोबाईल घेऊन आत गेला होता. पंचनाम्यातही आडाच्या तळाशी मोबाईल सापडल्याचं लिहिलं होतं. पंचनामा आईनं वाचला नाही.

पाचव्या दिवशी मिस्त्री आमच्या घरी आले. आई भिंतीला टेकून बसली होती. चार दिवस ती कुणाशी बोलली नव्हती. तिनं त्यांना विचारलं, ‘‘दिवा तुम्हीच दिला होता ना त्याला?’’

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. मी काहीच खूण केली नाही. मग ते म्हणाले, ‘‘व्हय आक्का. दिवा बंद पडला. माझं तपासायचं राहिलं.’’

आईनं त्यांना शिवी दिली नाही. परत या दारात येऊ नका, एवढंच सांगितलं. ते उठले, चपला घातल्या आणि गेले. मी दारापर्यंत गेले नाही. खोलीत बसलेल्या सगळ्यांनी ते ऐकलं होतं. महिन्याभरात ते कराडभर झालं. भुयारात, लेण्यांत जाणारी पोरं त्यांच्याकडे दिवे न्यायची थांबली. मग विहिरीवरची कामंही कमी झाली, ज्याचा दिवा बंद पडतो त्यानं बसवलेल्या पंपाचा काय भरवसा, असं लोक म्हणू लागले. आमचा गटही मोडला.

मी एकदा दुकानात गेले. ते मोटार भरत होते, हात थांबवला नाही. मी म्हटलं, मी आईला खरं सांगते. ते बराच वेळ तार गुंडाळत राहिले.

‘‘आज त्यांना माझा राग आलाय,’’ ते म्हणाले. ‘‘खरं कळलं तर पोराचा येईल. मेलेल्या पोराचा राग घिऊन आई जायची कुठं? मला पोरी हायत, मला कळतंय. ऱ्हाऊ द्या माझ्यावर.’’

‘‘पण तुमचं नाव...’’

‘‘तुमाला वाटंल तवा सांगा. पण माझ्यासाठी नगा सांगू.’’

वर्षश्राद्ध झालं की सांगू, असं मी ठरवलं. मग आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, ते झाल्यावर सांगू म्हटलं. चार वर्षं गेली. कॉलेजला जाताना त्यांचं दुकान वाटेत लागायचं. ते हात वर करायचे, मीही करायची. त्यांनी कधी थांबवून विचारलं नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, ते तेव्हा वाटत नव्हतं. काहीच वाटत नव्हतं. गाडी चालवत पुढे जायची, तासाला नद्यांची नावं सांगायची.

गेल्या हिवाळ्यात सलग तीन दिवस दुकान बंद दिसलं. शेजारच्या वेल्डिंगवाल्यानं सांगितलं की मिस्त्री गेले. दुकानातच छातीत कळ आली. दफनही होऊन गेलं होतं. मी घरी आले. आई मेथी निवडत होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. डिकी, कापड, मोबाईल, तिन्ही दिवे. तिचे हात जरा थांबले, परत चालू झाले.

‘‘तुला कधीपासून माहीत होतं?’’

‘‘पहिल्यापासून.’’

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी इस्त्रीची साडी नेसून ती दारात येऊन उभी राहिली आणि मलकापूरला जायचंय म्हणाली.

मिस्त्रींचं घर दुकानाच्या मागेच होतं. त्यांच्या बायकोला, शमीमभाभींना, आईनं आधी कधी बघितलं नव्हतं. मी ओळख करून दिली. भाभींनी चटई टाकली, आईला हाताला धरून बसवलं. आई काहीतरी ठरवून आली होती, ते तिनं एका दमात सांगितलं.

‘‘तुमच्या मालकांचा दिवा बंद पडला नव्हता.’’

‘‘मला म्हाईत हाय, आक्का,’’ भाभी म्हणाल्या. ‘‘त्या दिवशीच घरी आल्यावर सांगितलंतं त्यांनी.’’

आईनं विचारलं, ‘‘मग चार वर्षं तुम्ही का नाही बोललात? लोक एवढं बोलत होते.’’

भाभींनी पदर सारखा केला. ‘‘त्यांनी तुमाला दिलेलं हुतं ते. मी कसं परत मागू?’’

आईनं त्यांचा हात हातात घेतला. दोघी रडल्या नाहीत. भाभींनी विचारलं, पोराचं वय काय होतं, आणि आईनं सांगितलं. मग तो लहानपणी कसा होता, कुठल्या शाळेत होता, हे ती सांगायला लागली. अनिलबद्दल ती इतकं बोललेलं चार वर्षांत मी ऐकलं नव्हतं. मी दाराशी उभी होते. मला आत बसायला कुणी सांगितलं नाही, आणि ते बरोबर होतं.