आमचा कॅरम उन्हावर चालतो

गाडी नीट चालली असती तर माझ्याकडे सांगायला काहीच नसतं. पहिल्या आलेल्या टीमला विचारून बघा. त्यांच्याकडे ट्रॉफी आहे, फोटो आहेत, पण किस्सा म्हणाल तर "आम्ही निघालो आणि पोचलो" यापलीकडे बिचारे काही सांगू शकत नाहीत! आमच्याकडे ट्रॉफी नाही. त्यामुळे कँटीनमध्ये चार जण जमले की कुणीतरी म्हणतंच, "शीतल, तो मुंग्यांचा सांग ना." मुंग्यांचा झाला की हवालदाराचा. मग चहा गार होतो, लेक्चर बुडतं.

आधी ओळख करून देते. कर्जतजवळच्या आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजने सोलर कार बनवली. कॉलेज टीम्सची शर्यत होती: सोलापूरकडून निघायचं, चार दिवस फक्त उन्हावर गाडी हाकायची आणि घाट उतरून खालापूरला पोचायचं. नचिकेत आमचा कॅप्टन. त्याच्याकडे तीन लॅपटॉप आणि प्रत्येक प्रश्नाला एक आलेख. रोशन कडावचा, वायरिंग त्याच्याकडे. गायकर सर आमचे मार्गदर्शक, म्हणजे सह्या करणारे. आणि मी ड्रायव्हर. सोलर टीमची ड्रायव्हर, आणि नाव शीतल! तिथूनच बिघडलं असावं.

गाडीचं कागदोपत्री नाव 'तेजस्विनी'. पण तीन चाकं, वर सपाट काळं पॅनल आणि त्यावर पांढऱ्या रेघा. पहिल्यांदा रस्त्यावर काढली तेव्हा कुणीतरी ओरडलं, "ए, कॅरम चाललाय बघ!" त्यानंतर तेजस्विनी हे नाव फक्त सरांच्या अर्जात उरलं.

* * *

माझी निवड कशी झाली ते ऐका. मला वाटलं होतं मुलाखत होईल, रिफ्लेक्स वगैरे तपासतील. नचिकेतने आम्हा नऊ जणांना कॉलेजसमोरच्या किराणा दुकानात नेलं आणि धान्याच्या काट्यावर एकेकाला उभं केलं. मी त्रेचाळीस किलो भरले.

"झालं. शीतल ड्रायव्हर!"

"अरे, पण मला स्कूटीसुद्धा येत नाही!"

"ते शिकता येतं. वजन कमी करणं अवघड असतं," तो म्हणाला आणि बाकीच्या आठांकडे अशा नजरेने बघितलं की रोशनने हातातला वडापाव मागे लपवला.

मी गाडी शिकले, लायसन्स काढलं. दोन महिने भाव खाल्ला. सगळी टीम मला कपबशीसारखी जपत होती. रात्रीच्या जेवणात मी दुसरी पोळी घेतली की नचिकेतचा चेहरा उतरायचा.

मग एक दिवस सरांनी स्पर्धेचं नियमपुस्तक उघडलं. तोवर ते कुणीच उघडलं नव्हतं! त्यात लिहिलं होतं: ड्रायव्हर ऐंशी किलोपेक्षा हलका असेल तर फरकाइतकं वजन गाडीत ठेवावं.

रोशनने घरून तांदळाची गोणी आणली. सदतीस किलो, कडावचा. बाकी वर्षभर मी आणि ती गोणी मिळून एक ड्रायव्हर होतो.

* * *

माझे पप्पा भिवपुरीच्या वीजघरात कामाला आहेत. आम्ही तिथल्याच क्वार्टरमध्ये वाढलो. डोंगरावरून पाणी येतं, खाली टर्बाइन फिरतं, वीज होते. त्यामुळे वीज या विषयात पप्पांना शिकवायला जाऊ नये, हे मला कळायला हवं होतं.

पॅनल बसवलं त्या दिवशी मी फुशारक्या मारत घरी गेले. "पप्पा, आमची गाडी स्वतःची वीज स्वतः बनवते!"

पप्पांनी टीव्हीचा आवाज कमी केला. असा मान आमच्या घरी फार थोड्यांना मिळतो.

"किती बनवते?"

"कडक ऊन असलं तर हजार वॉट!"

त्यांनी थोडा विचार केला. बाथरूमकडे बघितलं.

"आपला गिझर दोन हजाराचा आहे," ते म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

* * *

गाडीचं फायबरचं अंग बनवलं इक्बालचाचांनी. साजगावच्या बाजूला त्यांची शेड आहे. कर्जतच्या फार्महाऊसवाल्यांना लागणाऱ्या घसरगुंड्या, डॉल्फिन, कमळाच्या आकाराच्या कचराकुंड्या, सगळं तिथेच बनतं.

नचिकेतने त्यांना तासभर हवेचा विरोध समजावून सांगितला. आलेख दाखवले. चाचांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि साच्यावर हात फिरवत म्हणाले, "म्हणजे घसरली पाहिजे. एवढंच ना?"

"हो, पण हवेतून, चाचा."

"बेटा, पंचवीस वर्षं घसरगुंड्याच बनवतोय. आजपर्यंत एक पोरगं मध्ये अडकलं नाय."

काम सुरेख झालं. रंग मात्र त्यांच्याकडे डॉल्फिनचा निळाच शिल्लक होता. शर्यतीच्या तपासणीला गाडी उभी केली तेव्हा इतर टीम्सची मुलं बघायला आली. एक जण तळाशी वाकला आणि विचारलं, "इथे डोळा कशासाठी काढलाय?"

चाचांनी सवयीने काढला होता. आम्ही सांगितलं, सेन्सर आहे.

* * *

कर्जतला सोलर कार बनवण्यात एक अडचण आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत इथे सूर्य नसतो. आमच्या टीमने पहिले चार महिने सूर्याशिवायच काम केलं.

आणि ऑगस्टमध्ये कॉलेजने प्रात्यक्षिक ठेवलं! मोठे पाहुणे बोलावले. बाहेर पाऊस आडवा येतोय, आत हॉलमध्ये कॅरम. सर म्हणाले, "काही करा, पण चाक फिरलं पाहिजे." बॅटरी तेव्हा आलीच नव्हती. मग रोशनने मांडववाल्याकडून मोठे हॅलोजन आणले आणि पॅनलच्या डोक्यावर टांगले. गाडी स्टँडवर घेतली. चाक फिरायला लागलं. टाळ्या!

पाच मिनिटांत लाइट गेले. मांडववाला हुशार माणूस. त्याने न विचारता बाहेरचा जनरेटर चालू केला. हॅलोजन पेटले, चाक पुन्हा फिरलं. अशा रीतीने आमची सोलर कार डिझेलवर चालू लागली.

पाहुणे भाषणाला उभे राहिले. "निसर्गाने दिलेली ही स्वच्छ ऊर्जा..." पण जनरेटरच्या धडधडाटात कुणालाच काही ऐकू येईना. सरांनी खिडकीतून खूण केली, बंद कर. जनरेटर थांबला. हॅलोजन विझले. चाक गपकन थांबलं.

हॉलमध्ये शांतता पसरली. पाहुणे गाडीकडे वळले आणि भारावून म्हणाले, "पाहिलंत? बंद होतानासुद्धा अजिबात आवाज नाही!"

सगळ्यात जोरात टाळ्या सरांनी वाजवल्या.

* * *

ऊन पडायला लागल्यावर आम्ही सराव सुरू केला. पळसदरीच्या अलीकडे एका हवालदारांनी अडवलं. कॅरमभोवती एक फेरी मारली. लायसन्स बघितलं. सरावाची परवानगी बघितली. मग म्हणाले, "पीयूसी?"

नचिकेत पुढे झाला. "साहेब, ही सोलर आहे. धूरच निघत नाही."

"मग धूर निघत नाही असं सर्टिफिकेट दाखवा."

"साहेब, ते मिळणार कसं? मशीनची नळी सायलेन्सरमध्ये घालतात. हिला सायलेन्सरच नाही!"

हवालदारांनी पेन खिशातून काढलं.

"सायलेन्सरपण नाय?"

नचिकेतला बोलू दिलं नसतं तर आम्ही दहा मिनिटांत सुटलो असतो. शेवटी गायकर सर आले, काहीतरी लिहून दिलं, सही केली. त्यांचं कामच ते!

* * *

आता मुंग्यांचा. शर्यतीआधी सुरक्षेची परीक्षा असते. शिट्टी वाजली की ड्रायव्हरने कुणाच्याही मदतीशिवाय पट्टे सोडून, झाकण उघडून पंधरा सेकंदांत बाहेर यायचं. सरावात मला चाळीस सेकंद लागायचे. पट्ट्यात वेणी अडकायची. झाकणाला डोकं आपटायचं. नचिकेतने वेणी कापण्याचा विषय काढला होता, तेव्हा रोशनने त्याला बाहेर नेऊन समजावलं.

परीक्षेच्या दिवशी गाडीत बसले. बाजूला माझी गोणी. परीक्षक घड्याळ घेऊन उभे. टीमने डोळे मिटलेले. नापास झालो तर वर्षभराचं काम तिथेच संपणार होतं.

तेवढ्यात पायाला काहीतरी चावलं. मग गुडघ्याला. खाली बघते तर गोणीतून लाल मुंग्यांची रांग थेट माझ्या सलवारीत!

शिट्टी वाजली की नाही ते मला आजही माहीत नाही. मी बाहेर होते. थांबलेसुद्धा नाही, तशीच मैदानाच्या कडेपर्यंत पळाले.

"नऊ सेकंद!" परीक्षक घड्याळाकडे बघत राहिले. सरांना म्हणाले, "तुमची ड्रायव्हर गाडीपासून सुरक्षित अंतरावरसुद्धा गेली. हे कुणीच करत नाही. ट्रेनिंग कुणी दिलं?"

सर नम्रपणे हसले.

* * *

शर्यतीचा पहिला दिवस. सोलापूरच्या बाजूचा सरळ रस्ता, दुतर्फा ऊस, एप्रिलचं ऊन. मनातून मी साठच्या खाली यायला तयार नव्हते. पण मागच्या गाडीतून वॉकीटॉकीवर नचिकेत: "समोर ढग आहे. बॅटरी वाचव, वेग वीसवर आण."

"कुठे ढग? मला दिसत नाही."

"लॅपटॉपवर आहे."

मी वीसवर आणला. थोड्या वेळाने पंधरावर. तोवर बाकी सगळ्या टीम्स पुढे निघून गेल्या होत्या. मागून एक दूधवाले काका सायकलवरून आले. दोन्ही बाजूंना कॅन. माझ्या बरोबरीने चालवत त्यांनी आत डोकावून बघितलं.

"काय झालं पोरी, पंक्चर हाय का?"

"नाही काका, रेस चाललीये."

काकांनी पुढे बघितलं. वळून मागे बघितलं. रस्ता दोन्हीकडे मोकळा.

"कोनासंगं?" असं विचारून ते पुढे निघून गेले.

ढग शेवटपर्यंत आला नाही.

* * *

निकाल आत्ताच सांगून टाकते, म्हणजे शेवटचं ऐकताना जीव टांगणीला लागायला नको. अकरा टीम्समध्ये आमचा नंबर दहावा. अकरावी गाडी टेंपोतून आली. पण आम्ही पोचलो, आणि पोचलो ते स्वतःच्या चाकांवर. ते कसं, एवढंच राहिलं.

चौथा दिवस. घाट झोकात उतरलो. खोपोली मागे पडली. खालापूरची शेवटची रेघ दोन किलोमीटरवर, आणि एका वाडीपाशी कॅरम थांबला. बॅटरीत काही नाही. नियम असा की ढकलायचं नाही, दुसरीकडून वीज घ्यायची नाही. गाडी थांबवून पॅनल उन्हाकडे धरून बसलात तर चालेल. रेघ पाच वाजता बंद. घड्याळात सव्वातीन.

आम्ही पॅनल उचललं आणि आळीपाळीने चौघं चार कोपऱ्यांना धरून उभे राहिलो. रोशन बॅटरीचे आकडे वाचत होता. ढगांच्या नादात घालवलेला वेळ भरून काढताना बॅटरी संपली, हे नचिकेतला त्याच्याच आलेखावर दिसत होतं. शेवटी हळूच म्हणाला, "माझ्यामुळे गेलं सगळं." खरंच होतं ते.

समोरच्या अंगणात एक मावशी बाजेवरच्या कुरडया उलटत होत्या. बराच वेळ आमच्याकडे बघत होत्या. मग पदराला हात पुसत आल्या.

"काय वाळवताव रं तुमी?"

नचिकेतने तोंड उघडलं. मला वाटलं, आता आलेख काढतो! पण तो थकला होता. "गाडी," म्हणाला.

मावशींनी मान डोलावली. मग पॅनलकडे बघितलं, वर आभाळाकडे बघितलं.

"हितं नका धरू. साडेतीनला त्या जांभळीची सावली येती. मग फुडं त्या घराची. तिकडं पाराजवळ, मावळतीच्या अंगाला न्या. थितं पाचपर्यंत ऊन हालत नाय. मी शेवटची बाज थितंच ठेवते."

नचिकेतने लॅपटॉप उघडला. लॅपटॉपमध्ये जांभळीचं झाड नव्हतं. त्याने लॅपटॉप बंद केला.

जमलेल्या थेंबभर विजेवर मी गाडी पाराजवळ नेली. मावशींनी आपली बाज सरकवून जागा करून दिली. आम्ही पॅनल धरलं आणि त्यांच्या कुरडयांशेजारी तासभर उभे राहिलो. साडेतीनला जांभळीची सावली आली. बरोबर आम्ही आधी उभे होतो तिथे! वाडीतली माणसं जमली. दोघं तर ढकलायलाच निघाले होते, मावशींनीच त्यांना दटावलं, "हात नका लावू रं, वाळूं द्या नीट!"

साडेचारला रोशन ओरडला, "झालं! पुरंल!"

मी आत बसले, पट्टे लावले. नचिकेत वाकून मावशींच्या पाया पडला. गाडी हलली तशा त्या दोन पावलं सोबत चालल्या आणि खिडकीत वाकून मला म्हणाल्या,

"पोचलीस की सावलीत ठेव गं. दिस मावळायच्या आत उचल. नायतर नरम पडती."