ताकाची फवारणी

आमच्या घरामागची जमीन भरे गावाकडे उतरत जाते. त्या उतारावर हिरव्या जाळीखाली मी ढोबळी मिरचीची चोवीस रोपे लावली होती. ती माझ्या हौसेसाठी नव्हती. पत्नी मोठ्या आजारातून उठली, तेव्हापासून बाजारची भाजी तिला खाववत नसे. मिठाच्या पाण्यात तासभर बुडवलेली मिरचीसुद्धा ती हुंगून पाही आणि बाजूला सारी. डॉक्टरांनी असे काही पथ्य सांगितले नव्हते. फवारलेल्या औषधांची ती भीती तिची तिची होती. पण पीठ पेरलेली ढोबळी मिरची ही तिची लहानपणापासूनची आवड, म्हणून मी तिला शब्द दिला, "या जाळीच्या आत औषधाचा थेंब येणार नाही." शब्द देताना माझा आवाज गरजेपेक्षा थोडा मोठा झाला होता, हे मला आज आठवते.

दोन हिवाळे मी तो शब्द पाळला. तिसऱ्या वर्षी फुले धरण्याच्या सुमारास पानांच्या कडा वर वळू लागल्या आणि शेंड्यांची पाने लहान होड्यांसारखी दिसू लागली. बोकड्या रोग पडला होता. पत्नीने कुठेतरी वाचून मडक्यात ताक आंबत ठेवले. आम्ही ते दोनदा फवारले. पाने वळतच राहिली. ती रोज सकाळी जाळीपाशी येऊन एखादे पान उलटून पाही आणि परत जाई. तिचे ते परत जाणे मला सोसेना.

हिंजवडीच्या ऑफिसातून परतताना मी घोटावड्याजवळ शेतीच्या औषधांच्या दुकानात थांबलो.

"किती एकर हाय?" दुकानदाराने विचारले.

"चोवीस रोपं."

"मग साहेब, झाकणभर बी लई व्हतंय. बाकीच्याचं काय, लोणचं घालणार?"

ती लहान बाटली मी गाडीच्या डिकीत, स्टेपनीखाली ठेवली. त्या गुरुवारी मुलगी आईला तपासणीसाठी पुण्याला घेऊन गेली आणि मी घरून काम करतो असे ऑफिसला कळवले. तोंडाला रुमाल बांधून मी सर्व रोपांवर औषध मारले. दुपारपर्यंत वास जाळीखाली साचून राहिला, तेव्हा मी मडक्यातले आंबट ताक त्यावर फवारले.

संध्याकाळी ती परतली ती थेट मागच्या दारी आली.

"अहो, ताक मारलंत का?"

"हो," मी म्हणालो.

हे उत्तर खोटे नव्हते, अशी समजूत मी पुढे कित्येक दिवस स्वतःला घालत राहिलो. किंबहुना ते ताक मी अशा उत्तरासाठीच फवारले होते.

आठवड्याभरात नवी पाने सरळ फुटली. तिने त्यांचे फोटो मुलीला पाठवले. आजारपणानंतर ती इतकी मोकळी हसल्याचे मी पाहिले नव्हते, आणि त्या हसण्यानेच माझे तोंड बंद केले. मिरच्या धरल्या तेव्हा ती तोडायला आली, तर मी "अजून भरू देत" म्हणून तिला थोपवले. बाटलीवर लिहिलेले दिवस मी मनात मोजत होतो. ते पूर्ण झाल्यावरच तिला पहिली मिरची तोडू दिली. तिने भाजी केली. "आपल्या घरची चव वेगळीच," ती म्हणाली.

बांधापलीकडे एक मावशी राहतात, आम्हा दोघांपेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या. त्याही ढोबळीच्या चार ओळी लावतात आणि रस्त्याकडेला विकायला पाटी घेऊन बसतात. त्यांच्या रोपांवरही बोकड्या आला. त्या पंपात औषध भरणार, तोच माझी पत्नी धावली. "थांबा मावशी, आमची रोपं ताकानं सुधारली. यांनी स्वतः केलंय."

मावशींनी पंप खाली ठेवला. हे मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकत होतो आणि बाहेर गेलो नाही.

दहा दिवसांनी मावशी वाळका शेंडा हातात घेऊन आल्या. "वहिनी, तुमचं ताक गुणाचं. आमच्या म्हशीचं नुसतंच आंबट. का माझ्याच हाताला गुण न्हाई?"

"असं कसं मावशी? यांनाच विचारू, यांनी कसं केलं ते."

दोघी माझ्याकडे पाहू लागल्या. "थोडं जास्त आंबवून पाहा," मी म्हणालो. पहिल्या उत्तराला मी आडोसा शोधला होता. या उत्तराला तोही नव्हता.

पाच दिवसांनी दुपारी मी मागे गेलो. मावशी उन्हात पाठीवर पंप घेऊन ताक फवारीत होत्या आणि जिना चढताना दोनदा थांबणारी माझी पत्नी बादली उचलून त्यांच्यामागे चालत होती. तिच्या कपाळावर घाम होता. मी बांधावर जाऊन उभा राहिलो.

"मावशी, थांबा. ताकानं काही झालं नव्हतं. मी औषध मारलं होतं. ताक वरून मारलं, वास येऊ नये म्हणून."

मावशींनी पंप उतरवला. "कंचं औषध?"

मी नाव सांगितले.

"आदी सांगायचं व्हतं की, दादा. मी पंधरा दिस दही विरजत बसले. उरलंय का त्यातलं?"

"आहे."

"मग आना की. उबं काय ऱ्हायलाय?"

मी डिकीतून बाटली घेऊन आलो, तेव्हा पत्नी बादलीतले ताक बांधावर ओतत होती.

"मी खाल्ल्या त्या मिरच्या?" तिने विचारले.

"बाटलीवरचे दिवस पूर्ण झाल्याशिवाय मी तुला तोडू दिल्या नाहीत."

"म्हणून 'भरू देत' म्हणत होतात." तिने रिकामी बादली पालथी घातली. "आणखी काय काय आहे?"

"दुसरं काही नाही."

हे खरे होते. मात्र अनोळखी माणसाने पत्ता सांगितल्यावर मान हलवावी तशी तिने मान हलवली.

मावशींच्या चारपैकी दोन ओळी उपटाव्या लागल्या. आमच्या जाळीतल्या मिरच्या पत्नीने पुन्हा खाल्ल्या नाहीत; त्या मावशींच्या पाटीतून गेल्या. मावशींनी तो विषय परत काढला नाही, पण बांधावरून हाक मारून कधी विचारतात, "दादा, आज काय मारताय?"

यंदा मी पुन्हा रोपे लावली. लावू नका, असे पत्नी म्हणाली नाही. सकाळी मी जाळीत शिरलो की ती बाहेर खुर्ची टाकून मेथी निवडत बसते. मी बाहेर पडेपर्यंत तिची जुडी संपत नाही. मडक्यातले ताक पंपात ओतताना मी मडके जरा तिच्या बाजूला कलते धरतो, म्हणजे आत काय आहे ते तिला दिसते.